संपादक साहेब, फोटो कापताना चादरींचा गठ्ठा पण कापलात

प्रति,
मराठी वर्तमानपत्रांचे, वृत्तवाहिन्यांचे आणि न्यूज पोर्टलचे सगळे संपादक,

नमस्कार.

खरं तर हे पत्र एकालाच लिहायचं होतं, ज्या पेपरात माझ्या मामाचा फोटो छापून आला त्याच्या संपादकांना. लिहिलं पण. दोन मेल केले, एक पत्र रजिस्टर एडीनं पाठवलं, पोचपावती सही-शिक्क्यासकट परत आली, उत्तर काय आलं नाही. म्हणून आता उघडच लिहितेय आणि सगळ्यांना लिहितेय. पेपरचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण नाव टाकलं की बाकीचे सगळे "आमचं नाही बाबा ते" म्हणून मोकळे होतील.

माझं सोलापूर जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी, तहसील कचेरीसमोर ई-सेवा केंद्र आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, सगळं. दुकानात रोज चार पेपर येतात, लोक नंबर येईपर्यंत वाचत बसतात. म्हणजे मी तुमची गिऱ्हाईक आहे, आणि तुमच्या बातमीनं गावात काय होतं ते काउंटरच्या अलीकडून रोज बघते.

आता मामाचं सांगते. मामा चादरी विकतो. सोलापुरी चादरी, टॉवेल, सतरंज्या. मोटरसायकलला मागं गठ्ठा बांधायचा, दोघं-तिघं जोडीनं निघायचं, मराठवाड्यात खेडोपाडी फिरायचं आणि माल संपला की पंधरा-वीस दिवसांनी घरी, असं तीस वर्षं चाललंय. गेल्या वर्षी श्रावणात एका गावात दुपारी पारावर गठ्ठा सोडला आणि तिथं खेळणाऱ्या पोराला विचारलं, बाळा आई घरी आहे का. झालं. त्या आठवड्यात "मुलं पळवणारी टोळी आली आहे" हा मेसेज सगळीकडं फिरत होता, गाडी एमएच १३ म्हणजे बाहेरच्या पासिंगची, तीन अनोळखी माणसं, आणि पोराशी बोलले. दहा मिनिटांत दीडशे माणूस जमला. नशीब की पोलीस पाटील घरी होते, त्यांनी तिघांना ग्रामपंचायतीत घेतलं आणि आतून कडी लावून पोलिसांना फोन केला. मामा म्हणतो, "अगं दारावर लाथा बसत होत्या आणि मी आत चादरी मोजत बसलो होतो, दुसरं काय सुचंचना."

पोलीस आले, ठाण्यात नेलं, आधार कार्डं बघितली, सोलापूरला फोन केला, आणि संध्याकाळी सात वाजता चहा पाजून तिघांना सोडलं. विषय संपायला पाहिजे होता ना? दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरात फोटोसकट बातमी. "मुले पळविणाऱ्या टोळीचा संशय, तिघे ताब्यात". रात्री सातला सोडलेली माणसं सकाळी तुमच्या पेपरात ताब्यातच होती.

आता फोटोबद्दल नीट ऐका, कारण माझं सगळं भांडण त्या फोटोवरच आहे. तोच फोटो एका पोर्टलवर पूर्ण आला होता. त्यात मामा ठाण्याच्या फरशीवर भिंतीला टेकून बसलाय, शेजारी ते दोघं, आणि मागं हा एवढा मोठा चादरींचा गठ्ठा. गठ्ठ्याच्या वरच्या चादरीवर कारखान्याचं लेबल आहे, फोटो मोठा केला की "सोलापूर" एवढी अक्षरं स्पष्ट वाचता येतात. मी माझ्या दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर वाचलीत. पेपरात जो छापला त्यात गठ्ठा नाही. तीन चेहरे तेवढे, तिघांच्या खांद्याच्या वर कापलेला. ज्यानं कुणी ते कापलं त्यानं मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही, कॉलमात बसवायचा असेल, डेडलाइन असेल. पण त्या फोटोत ती माणसं कोण आहेत हे सांगणारी एकच गोष्ट होती आणि नेमकी तीच कात्रीत गेली.

मी जिल्हा ऑफिसला फोन केला तर तिथले म्हणाले, बातमी पोलिसांच्या माहितीवरून दिली. कुठल्या पोलिसांच्या, विचारलं तर "ते आम्हाला सांगता येत नाही, तुम्ही खुलासा पाठवा, बघू". पाठवला. बारा दिवसांनी आला. आतल्या पानावर, टेंडर नोटिसांच्या खाली, तीन ओळी. "सदर व्यक्ती विक्रेते असल्याचे पोलिसांनी स्पष्ट केले आहे." कोण सदर व्यक्ती, कुठली बातमी, कधीची, काही नाही. पोर्टलवाल्यांनी तर त्याहून सोपं केलं, बातमी गुपचूप उडवून टाकली.

आणि उडवली म्हणजे संपली असं तुम्हाला वाटत असेल तर सांगते, नाही संपली. उडवायच्या आधीच तिचे स्क्रीनशॉट निघाले होते. ते फिरतायत. या पावसाळ्यात परत फिरले, खालचं गावाचं नाव बदलून. आता कुणाला खरं शोधायचं असेल तर तो लिंक उघडतो, लिंक सापडत नाही, मग तो म्हणतो बघ, दाबली बातमी. तुमचं दुरुस्त पान तिथं असतं, वर मोठ्या अक्षरात "ही माहिती चुकीची होती" असं असतं, तर त्या स्क्रीनशॉटला उत्तर म्हणून मी तेच पाठवलं असतं.

मी हे वाढवून सांगत नाहीये. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं पोरं पळवणारी समजून जमावानं जिवे मारली, त्यातली बहुतेक आमच्याच जिल्ह्यातली, मंगळवेढ्याकडची होती. त्यांना पण ग्रामपंचायतीच्याच खोलीत नेलं होतं, फक्त वाचवायला नाही. एप्रिल २०२० ला पालघरमध्ये गडचिंचले, दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर, तेही अफवेवरनंच मारले. सप्टेंबर २०२२ ला जत तालुक्यात लवंग्याला, पंढरपूरला निघालेल्या चार साधूंनी एका मुलाला रस्ता विचारला म्हणून पट्ट्यानं, काठीनं मारलं, ते जगले. मामाची बातमी मी वाचली तेव्हा माझ्या डोळ्यापुढं ही गावं होती. तुमच्या डेस्कवर कुणाच्याच डोळ्यापुढं नव्हती का?

त्या २०१८ च्या वेळी जो व्हिडिओ देशभर फिरत होता, मोटरसायकलवाला गल्लीतनं पोर उचलून नेतो तो, तो कराचीतल्या एका संस्थेनं मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जाहिरात होती. मूळ व्हिडिओत तोच मोटरसायकलवाला परत येतो, पोराला खाली सोडतो आणि हातात पाटी धरतो की मूल पळवायला एक क्षण पुरतो. तो शेवट कुणीतरी कापला. व्हॉट्सअ‍ॅपनं त्यानंतर भारतात फॉरवर्ड पाच जणांपुरतं मर्यादित केलं. पेपरचं फॉरवर्ड कुठं मर्यादित असतं, ते तर रोज सकाळी लाखांत जातं.

मामाच्या त्या प्रकरणानंतर मी हे सगळं तपासायचं शिकले. भाचा पुण्यात आयटीत आहे, त्यानं फोनवरच शिकवलं. फोटो आला की गूगल लेन्समध्ये टाकायचा आणि सगळ्यात जुना कुठं दिसतो ते बघायचं. व्हिडिओ असेल तर त्याचे तीन-चार ठिकाणचे स्क्रीनशॉट काढून तेच करायचं (त्यासाठी इनविड म्हणून एक साधन आहे ते आपोआप फ्रेम काढून देतं, पण माझा कॉम्प्युटर त्याला दमतो). दुकानाच्या पाट्या कुठल्या भाषेत आहेत, गाड्यांचं पासिंग कुठलं, लोकांच्या अंगात स्वेटर आहे का आणि बातमी मे महिन्याची आहे का. गूगलचं फॅक्ट चेक एक्सप्लोरर आहे, त्यात शब्द टाकले की कुणी आधी पडताळणी केलीय का ते दिसतं. पडताळणी करणाऱ्या साइट म्हणजे बूम आहे, ऑल्ट न्यूज आहे, मराठीत फॅक्ट क्रेसेंडो आणि न्यूजचेकर आहेत. आणि वेबॅक मशीन, माझं सगळ्यात आवडतं, पान उडवायच्या आधी तिथं साठवून ठेवता येतं. पोर्टलवरच्या मामाच्या बातमीचं पान मी ठेवलं असतं, पण तेव्हा हे माहीतच नव्हतं.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट भाच्याला मी शिकवली. शासन निर्णय म्हणून जो पीडीएफ फिरतो ना, जीआर, त्याच्यावर आकड्यांचा लांबलचक संकेतांक असतो, त्यातले पहिले आठ आकडे म्हणजे साल, महिना, तारीख. तो संकेतांक शासनाच्या वेबसाइटवर टाकायचा, जीआर खरा असेल तर निघतो, नसेल तर नाही निघत. अर्धा मिनिट लागतो. लाडकी बहीणचा २८ जून २०२४ चा जीआर आला तेव्हा मुदत १५ जुलै होती, मग काही दिवसांतच ती ३१ ऑगस्ट झाली, वयाची अट ६० वरनं ६५ झाली. बदल खरे होते. पण त्याच्या आजूबाजूला तुमच्या पोर्टलांनी जे काय उठवलं, "आजच करा हे काम नाहीतर पैसे बंद", "या महिलांची नावे वगळली, यादी पाहा", आत गेलं की यादीच नाही, नऊ जाहिराती आणि शेवटी "अधिकृत माहितीची प्रतीक्षा". बायका शेतातलं काम टाकून, तीस रुपये वडापचे घालून माझ्या काउंटरला यायच्या, आणि मी सांगायचे की मावशी असं काही नाही. त्या माझ्यावरच चिडायच्या, कारण पेपरात आलंय आणि ही झेरॉक्सवाली नाही म्हणतेय. त्यांची रोजी कुणी भरून द्यायची?

तर माझी तक्रार अशी की हे सगळं मी शिकले ते फुकटात, दुकान सांभाळून, बारावी पास बाईनं. तुमच्याकडं पगारी माणसं आहेत. मग त्या फोटोवरचं लेबल वाचायचं काम माझं कसं काय झालं?

आणखी सांगते, एकदा बोलायलाच बसलेय तर.

ते प्रश्नचिन्ह. "टोळी सक्रिय?" "मोठा घोटाळा?" "नवा विषाणू आला?" तुम्हाला वाटतं प्रश्नचिन्ह टाकलं की जबाबदारी गेली. माझ्या दुकानात लोक बातमी मोठ्यानं वाचतात, प्रश्नचिन्ह कुणी वाचत नाही.

"सूत्रांच्या माहितीनुसार". मोठ्या राजकारणाच्या बातमीत सूत्राचं नाव झाकावं लागतं, कळतं मला. पण तीन गरीब माणसं चोर आहेत का नाहीत याला कसली सूत्रं? हवालदारानं सांगितलं का ठाणे अंमलदारानं, का गर्दीतल्या पोरानं, तेवढं लिहा.

जुने फोटो. टोळीच्या बातम्यांबरोबर जो एक बायकांचा फोटो पोर्टलांवर दिसतो तो मी लेन्समध्ये टाकला तर दुसऱ्याच राज्यातला, कित्येक वर्षांपूर्वीचा निघाला. त्या बायकांना माहीत तरी असेल का की त्या महाराष्ट्रात दर पावसाळ्यात पोरं पळवतात.

वाहिन्यांचं तर काय बोलायचं. ८ मे २०२५ ची रात्र आठवा, पाकिस्तानशी लढाई चालू होती. आमच्या गल्लीतली दोन पोरं फौजेत आहेत, कुणी झोपलं नव्हतं, आणि तुमच्यातल्या कितीतरी चॅनलवर कराची बंदर उद्ध्वस्त, इस्लामाबादमध्ये फौजा. मागं व्हिडिओ गेमची दृश्यं, आणि कराची म्हणून जी आग फिरत होती ती अमेरिकेत फिलाडेल्फियाला विमान पडलं होतं त्याची. सकाळी कराची जिथल्या तिथं. एखाददुसऱ्यानं चूक कबूल केली, बाकीचे सकाळी नवा विषय घेऊन बसले, जणू रात्री कुणी बोललंच नव्हतं. त्या दोन पोरांपैकी एकाची आई रात्रभर देवापुढं बसून होती, चॅनल बंद कर म्हणलं तर करेना. २०१६ च्या नोव्हेंबरात तर दोन हजाराच्या नोटेत चिप आहे, ती जमिनीखालून पण सिग्नल देते, असं काही चॅनलनी ग्राफिक करून दाखवलं होतं, माझ्या सासऱ्यांनी ती नोट उन्हात धरून बघितली होती. मे २०२३ ला रिझर्व्ह बँकेनं ती नोटच परत घ्यायला सुरुवात केली, चिपचा खुलासा अजून यायचाय.

आता पेपरचा कल कसा ओळखायचा त्याबद्दल. भाच्यानं मला अमेरिकेतली ऑलसाइड्स नावाची साइट दाखवली, तिथं एकेका पेपरवर डावा, मधला, उजवा अशी चिठ्ठी लावलेली असते. दुसरा एक तक्ता पण आहे, अ‍ॅड फॉन्टेस वाल्यांचा, त्यात आडवा कल आणि उभी विश्वासार्हता. बघून मजा वाटली, पण आपल्याकडं हे माप चालत नाही हो. आमच्या जिल्ह्यात पेपर कुठल्या बाजूचा आहे ते डावं-उजवं बघून कळत नाही, साखर कारखाना कुणाचा, बँक कुणाची, इंजिनिअरिंग कॉलेज कुणाचं आणि पहिल्या पानावर वाढदिवसाची जाहिरात कुणाची, यावरनं कळतं. 'सामना' वाचताना मला काही अडचण येत नाही, तो स्वतःच सांगतो मी पक्षाचं मुखपत्र आहे, तेवढं वजा करून वाचायचं. अडचण येते ती "निःपक्ष, निर्भीड" असं नावाखाली छापणाऱ्यांची.

म्हणून मी माझी पद्धत काढलीय. चारही पेपर काउंटरवर पसरायचे आणि एकच बातमी चौघांत वाचायची. डिसेंबर २०२३ ला केंद्रानं कांदा निर्यातबंदी केली तेव्हा हे मी पहिल्यांदा केलं. सोलापूर म्हणजे कांद्याचं मोठं मार्केट, रोज माझ्याकडं येणारा प्रत्येक दुसरा माणूस कांदेवाला. एका पेपरात मथळ्यात ग्राहक होता आणि शेतकरी सहाव्या परिच्छेदात. दुसऱ्यात शेतकरी मथळ्यात आणि भाव किती पडला त्याचा आकडाच नाही, नुसतं "कोसळले". तिसऱ्यानं मंत्र्यांचं म्हणणं सगळं दिलं आणि बाजार समितीतल्या एका माणसाला विचारलं नाही. चौथ्यात पहिल्या पानावर नव्हतीच, तिथं अर्ध पान सरकारी जाहिरात होती. खोटं कुणीच लिहिलं नव्हतं, हं. चारही बातम्या गूगलवर तपासल्या असत्या तर खऱ्याच निघाल्या असत्या. तेव्हापासून मी तीन गोष्टी पेन्सिलीनं खुणा करून बघते, कुणाला विचारलं, कुणाला विचारलं नाही, आणि क्रियापद कुणाच्या नावावर आहे. "आंदोलनाला हिंसक वळण लागले" यात काठी कुणी उचलली तेच दिसत नाही, वळण आपोआप लागतं, घाटातल्यासारखं.

तुमच्यातल्या जुन्या लोकांना फॉर्म ४ माहीत असेल. फेब्रुवारी संपला की पेपरात बारीक अक्षरात छापून येतो, मालक कोण, भागीदार कोण. मी तो दोन पेपरांचा कापून ठेवलाय. तुम्ही तो असा छापता की भिंग लागावं. त्याच मालकाच्या घराण्याच्या साखर कारखान्यानं एफआरपी, म्हणजे उसाला द्यायचा किमान भाव, थकवली तर ती बातमी त्या पेपरात कुठल्या पानावर येते हे मात्र बिनभिंगाचं कळतं.

पैसे घेऊन बातम्यांचं तर बोलायलाच नको, २००९ च्या विधानसभेला एकाच नेत्याच्या कौतुकाचा तोच मजकूर, शब्दाला शब्द, तीन स्पर्धक मराठी पेपरांत आला होता, पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघडं केलं, प्रेस कौन्सिलनं २०१० ला पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर अहवाल दिला. म्हणजे चार पेपर शेजारी ठेवून वाचायची युक्ती काय मी शोधलेली नाही.

"तक्रार करायची सोय आहे की" असं कुणी म्हणेल. आहे. चॅनलविरुद्ध सात दिवसांच्या आत आधी त्या चॅनलला लिहायचं, मग तिकडनं समाधान झालं नाही तर एनबीडीएसएकडं, म्हणजे न्यूज चॅनलच्या संघटनेच्याच तक्रार मंडळाकडं, जायचं, तेही चॅनल त्यांचं सभासद असेल तर. पेपरविरुद्ध आधी संपादकाला पत्र, मग दिल्लीच्या प्रेस कौन्सिलला, दैनिक असेल तर दोन महिन्यांत. कौन्सिल समज देऊ शकतं, ताशेरे ओढू शकतं, दंड नाही करू शकत. माझ्या मामानं चादरीचा गठ्ठा घेऊन दिल्लीला जायचं का? आणि पोर्टलवर तर नाव-पत्ताच नसतो, खाली एक जीमेल, त्याला मेल केला तर परत येतो.

मला सरकारनं तपासावं असं पण नको आहे, हे स्पष्ट सांगते. केंद्राला आपल्याबद्दलच्या बातम्या खऱ्या का खोट्या ते ठरवायला स्वतःचंच फॅक्ट चेक युनिट पाहिजे होतं, तो नियम मुंबई हायकोर्टात गेला, जानेवारी २०२४ ला दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले आणि सप्टेंबर २०२४ ला तिसऱ्या न्यायमूर्तींनी तो रद्द ठरवला. बरं झालं. ज्याच्यावर बातमी आहे त्यानंच तिला शिक्का मारायचा, हे म्हणजे परीक्षेला बसलेल्यानंच पेपर तपासायचा. तेव्हा तुम्ही सगळ्यांनी स्वातंत्र्य राहिलं म्हणून अग्रलेख लिहिले, मीही वाचले, पटले. पण मग तपासणार कोण? तुम्हीच ना?

तर माझ्या मागण्या. फार नाहीत, आणि यातल्या एकीलाही जास्त पैसे लागत नाहीत.

चूक जिथं छापली तिथंच दुरुस्ती छापा. पहिल्या पानाची पहिल्या पानावर, फोटोची फोटोसकट. कुठल्या तारखेची कुठली बातमी, त्यात काय चुकलं, खरं काय आहे, हे सरळ मराठीत. "सदर" नको.

वेबवरची बातमी उडवू नका. वर दुरुस्ती टाका, वेळ-तारीख टाका, लिंक तीच ठेवा. आणि ज्या फेसबुक पेजवरनं, ज्या चॅनलवरनं चूक पसरवली तिथंच दुरुस्ती पण टाका.

फोटोखाली तो कधीचा, कुठला, कुणी काढलेला हे लिहा. जुना असेल तर "जुना फोटो" असं लिहा. एआयनं केलेला असेल तर चित्रावरच लिहा, खाली नको, कारण स्क्रीनशॉट काढताना खालचं कापलं जातं.

गुन्हा नोंद झाल्याशिवाय सामान्य माणसाचा चेहरा छापू नका. मोठ्या लोकांचे चेहरे झाकायला तुम्हाला बरोबर आठवतं.

जाहिरात असेल तर "जाहिरात" हा शब्द, मथळ्याएवढा. बातमी मालकाच्या संस्थेबद्दल असेल तर बातमीतच एक ओळ, की ही संस्था आमच्या मालकांची आहे.

आणि प्रत्येक आवृत्तीत एका माणसाचं नाव आणि फोन नंबर द्या, ज्याच्याकडं वाचकानं चूक सांगायची. त्यानं महिन्याला छापायचं की किती तक्रारी आल्या आणि किती खऱ्या निघाल्या. सोलापुरात बसणारा माणूस द्या, मुंबईतला नको.

६ जानेवारीला तुमचा पत्रकार दिन असतो, बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ ला त्या तारखेला 'दर्पण' सुरू केलं म्हणून. आमच्या तालुक्याला पण कार्यक्रम असतो, शाल, नारळ, तहसीलदार प्रमुख पाहुणे. त्याच्या पत्रिका माझ्याच दुकानात छापतात. येत्या ६ जानेवारीला तुमच्यातल्या एकानं जरी त्या वर्षात आपल्या पेपरनं काय काय चुकीचं छापलं त्याची यादी पहिल्या पानावर दिली तर मी त्या पेपरच्या दहा प्रती विकत घेईन, फुकट वाटेन.

तुमच्यात चांगली माणसं आहेत हे मला माहीत आहे. तालुक्याचे वार्ताहर बघते ना मी, बिचाऱ्यांना बातमीमागं मिळतं काय आणि जाहिरातीचं टार्गेट असतं केवढं. मामाची बातमी ज्यानं पाठवली तो पोरगा पण असाच कुणीतरी असेल, त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे तो त्याची बातमी न वाचता पानात बसवणाऱ्यांवर, आणि मेलला उत्तर न देणाऱ्यांवर.

दिवाळी झाली की थंडी पडते, चादरींचा सीझन सुरू होतो, मामा परत निघणार. गेल्या वर्षी मामी जाऊ देत नव्हती, पण घरात दुसरं कमावणारं कोण आहे. तो आता खिशात तीन गोष्टी ठेवतो, आधार कार्ड, पोलीस पाटलांचा नंबर आणि तुमचा तो तीन ओळींचा खुलासा, मी लॅमिनेट करून दिलेला. अडचण एवढीच की तो वाचून समोरच्याला काही कळत नाही. मागच्या महिन्यात एका गावात मामानं तो दाखवला तर वाचणारा म्हणाला, "म्हणजे तुमच्यावर बातमी आली होती का? कसली?"

तेवढा एक खुलासा नीट, मोठ्या अक्षरात, गठ्ठ्याच्या फोटोसकट परत छापा. लॅमिनेशन मी ए-फोर साइजचं करीन.

तुमची,
तहसील कचेरीसमोरची झेरॉक्सवाली